हजेरीपट आणि गावकीची वही

महाड-पोलादपूरकडच्या वाडीवर मुलाचं नाव दोन ठिकाणी असतं. एक जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या हजेरीपटावर. तिथं ते त्याचं स्वतःचं असतं, जन्मतारखेसकट. दुसरं गावकीच्या वहीत. तिथं नाव घराचं, म्हणजे कर्त्या पुरुषाचं असतं आणि त्याच्यापुढं वर्गणी जमा की बाकी एवढंच. मूल त्या नावाच्या पोटात धरलेलं. घर गावात सरळ नांदत असेपर्यंत या दोन याद्यांतला फरक कोणाच्या ध्यानातही येत नाही. गावकी घराला वाळीत टाकते त्या दिवशी तो कळतो. वहीतलं नाव खोडलं जातं, हजेरीपटावरचं तसंच राहतं. त्या उरलेल्या नावाचं शाळा काय करते, एवढ्याच प्रश्नावर मला इथं वाद घालायचा आहे.

संघर्षात वाढणाऱ्या मुलांविषयी जगात जे लिहिलं जातं त्यात बहुधा बंदूक असते. सावित्रीच्या खोऱ्यात बंदूक नाही. इथं चाळीस घरं एका घराशी बोलायची थांबतात, बस्स. हुकूम सुटतो रात्रीच्या बैठकीत, देवळात किंवा सहाणेवर. कारण बांधाचं असेल, ग्रामपंचायतीला मत कोणाला दिलं याचं असेल, पोरीनं जातीबाहेर लग्न केलं हे असेल, नाहीतर आधी ठोठावलेला दंड भरला नाही एवढंच. दुसऱ्या दिवसापासून दुकानदार मीठ-साखर देत नाही. गिरणीवाला दळण परत पाठवतो. पाणवठ्यावर ती बाई आली की बाकीच्या आपापले हंडे उचलतात. बोलेल त्यालाही दंड. गणपतीत आरती करत फिरणारी मंडळी शेजारच्या घरातून निघतात ती मधलं घर वगळून पुढच्या घरात शिरतात. शिमग्याला पालखी अंगणात येत नाही. घरात कोणी गेलं तर खांद्याला माणूस मिळत नाही. आणि वर्गणी द्यायला गेलं तर ती घेतली जात नाही. हे सगळ्यांत वाईट, कारण ज्याचे पैसेही नकोत तो गावात नाहीच.

रायगड जिल्ह्यातून अशा तक्रारी २०१३ ते २०१६ या वर्षांत एकामागून एक पोलिसांत, वर्तमानपत्रांत आणि उच्च न्यायालयापर्यंत गेल्या. पोलादपूर तालुक्यातला एक गिर्यारोहक एव्हरेस्ट चढून आला होता. बायको जीन्स घालते, मंगळसूत्र घालत नाही, म्हणून आपल्या घराला वाळीत टाकलं, अशी त्याची तक्रार होती. जगातल्या सर्वांत उंच जागी उभं राहून आलेल्या माणसाला आपल्या गावच्या बैठकीत उभं राहता येत नाही, यावर त्या वेळी हळहळ झाली, थोडी थट्टाही झाली. अशा बातम्यांत पुरुष असतो, दंडाची रक्कम असते, कलमं असतात. मुलं शेवटच्या ओळीत येतात, की मुलांशीही कोणी बोलत नाही. त्या ओळीनंतर बातमी संपते. खरं तर तिथून ती सुरू व्हायला हवी.

चौथीतली एक मुलगी डोळ्यांपुढं आणा. वाडीवरची शाळा, पट अकराचा, दोन खोल्या, गुरुजी महाडहून मोटारसायकलनं येणारे. काल संध्याकाळपर्यंत ती सगळ्यांबरोबर लगोरी खेळत होती. आज मधल्या सुट्टीत ती गेली तसा खेळ थांबला. कोणी तिला हाकललं नाही, शिवी दिली नाही. सगळ्यांना एकदम पाणी प्यायला जायचं होतं. ती मागं वळली, तसा खेळ पुन्हा सुरू झाला. मारामारी झाली असती तर ती तक्रार घेऊन गुरुजींकडे गेली असती. याची तक्रार करायची कशी? गुरुजी, ते पाणी प्यायला गेले, अशी?

किपलिंग विल्यम्स नावाचा मानसशास्त्रज्ञ एकदा बागेत बसला होता. दोन अनोळखी माणसांची फ्रिस्बी त्याच्यापाशी येऊन पडली. त्यानं ती परत फेकली, त्यांनी पुन्हा त्याच्याकडे टाकली, थोडा वेळ तिघं खेळले आणि मग त्या दोघांनी त्याच्याकडे टाकणं बंद केलं. एवढ्याशा गोष्टीचं आपल्याला इतकं का लागावं, या प्रश्नावर त्यानं पुढं उमेदीची वर्षं घातली. त्यातून संगणकावरचा चेंडूफेकीचा एक साधा खेळ तयार झाला. पडद्यावर दोघं जण, तिसरे तुम्ही. काही वेळानं चेंडू तुमच्याकडे यायचा थांबतो. २००३ साली नेओमी आयझेनबर्गर आणि मॅथ्यू लिबरमन यांनी विल्यम्सबरोबर हाच खेळ लोकांना मेंदूचं चित्रण करणाऱ्या यंत्रात झोपवून खेळायला लावला. अंगाला दुखतं तेव्हा मेंदूचा जो भाग जागा होतो, तोच वगळलं गेल्यावरही जागा झालेला दिसला. त्या निष्कर्षावर पुढं वाद झाले, ते होऊ देत. मला दुसरा प्रयोग जास्त बोलका वाटतो. समोर माणसं नाहीतच, संगणकच चेंडू टाकतो आहे, असं आधी सांगून टाकलं तरी लोकांना लागायचं ते लागलंच. ही मोठी माणसं, आणि काही मिनिटांचा खेळ. आपल्या मुलीला वगळणारे तिचे चुलत-मावस भाऊबहीण आहेत, आणि हा खेळ दोन-चार वर्षंही चालू शकतो.

नऊ वर्षांच्या पोरीला बांधाचा वाद कळत नाही. काका बोलत नाहीत, मैत्रीण बोलत नाही, म्हणजे आपल्याच हातून काहीतरी झालं असणार, एवढाच हिशेब तिला येतो. मग सकाळी शाळेच्या वेळेला पोट दुखतं. घडाघडा वाचणारी पोर ओळीत अडखळायला लागते. कधी एखादं मूल दुसऱ्याची पट्टी-पेन्सिल दप्तरात घालतं, निदान त्या निमित्तानं तरी कोणी आपल्याशी भांडावं म्हणून. घरी अंगारा लावतात. शाळेत 'अभ्यासात लक्ष नाही' असा शेरा पडतो. मनाला काही झालंय असं कोणी म्हणत नाही, कारण डोळ्यांना दिसेल असं काही घडलेलंच नसतं.

दरड कोसळते तेव्हा ते दिसतं. २००५च्या जुलैत महाड तालुक्यातली जुई, कोंडिवते, रोहण आणि दासगाव ही गावं दरडीखाली गेली. २२ जुलै २०२१ला तळियेत ऐंशीहून जास्त माणसं गाडली गेली, त्याच दिवशी पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर-सुतारवाडीला दरड आली, महाड शहर पुराच्या पाण्यात बुडालं. मदत आली. कमी आली, उशिरा आली, पत्र्याच्या शेडमध्ये वर्षानुवर्षं काढावी लागली ही गोष्ट खरी. पण मुलांसाठी दप्तरं आली, त्यांच्याशी बोलायला माणसं आली, आईबाप गेलेल्या मुलाच्या डोक्यावरून गावानं हात फिरवला. दरडीतल्या मुलाचं दुःख सगळ्या गावाचं होतं. वाळीतल्या घरातल्या मुलाला दुःख देणारंच गाव असतं. सावरायला ज्यांनी यायचं, तेच पाठ फिरवून उभे आहेत. म्हणून हे दुःख लहान दिसलं तरी त्याला उतार पडत नाही.

मग उरतं कोण? देऊळ गावकीचं. भजनी मंडळ, क्रिकेटचा संघ, जाखडीचा नाच गावकीचा. बचतगटात बायका त्याच घरांतल्या. आरोग्यकेंद्र दूर आणि तिथली ताई गावातलीच सून. वाडीवर गावकीच्या मालकीची नसलेली एकच वास्तू असते आणि ती शाळा. इमारत जिल्हा परिषदेची, पगार सरकारचा, शिक्षक बाहेरगावचा, आणि यादी गावकीनं न केलेली. माझं म्हणणं एवढंच आहे, की वाळीतल्या मुलाला सावरण्याची पहिली आणि मोठी जबाबदारी शाळेची आहे. समुपदेशक आणून चार बैठका घेणं नंतरचं. गावकीचा हुकूम शाळेच्या फाटकाशी संपतो, हे त्या मुलाला रोज डोळ्यांनी दिसलं पाहिजे.

हे म्हणायला सोपं आहे. फाटकातून गावकी आत येत असते आणि कायद्याच्या रस्त्यानंच येते. शिक्षण हक्क कायद्यानं प्रत्येक सरकारी शाळेला व्यवस्थापन समिती दिली, तिच्यात तीन चतुर्थांश पालक, निम्म्या बायका. उत्तम तरतूद. पण ज्या वाडीत एक घर सोडून बाकी सगळे पालक एका हुकमाला बांधलेले, तिथं समिती म्हणजे दिवसा भरलेली गावकीची बैठक. खिचडी शिजवणारी ताई त्याच वाडीतली. त्या पोरीच्या ताटात डाव टाकताना तिचा हात आखडला तर तो दुष्टपणा नसतो. कोणी पाहिलं तर आपल्यालाही दंड, ही भीती असते. आणि पंगतीत ती पोर टोकाला बसते. तिला कोणी टोकाला बसवत नाही. ती बसल्यावर बाकीची पंगत सरकते.

शिक्षकाची अडचण मला कळते. वाडीवर राहायचं तर खोली गावातल्या कोणाची तरी भाड्यानं, पाणी गावच्या टाकीचं. शाळेचं छप्पर गळलं तर दुरुस्तीला मुंबईच्या ग्रामस्थ मंडळाकडे हात पसरायचा. वरून पट घसरत चाललेला. गावानं ठरवलं तर उद्या चार मुलं दुसऱ्या शाळेत जातील आणि शाळाच धोक्यात येईल. असा शिक्षक म्हणतो, मी कोणाच्या बाजूचा नाही, मला सगळी मुलं सारखी. या वाक्यावर माझा विश्वास नाही. अकरांपैकी दहा जण एकाशी बोलत नसताना सगळ्यांना सारखं वागवणं म्हणजे दहांचं चालू देणं. शिक्षण हक्क कायद्याच्याच सतराव्या कलमानं मुलाला मारणं आणि त्याचा मानसिक छळ करणं, दोन्ही मना केलं आहे. छडी आपण ओळखतो. गुरुजींच्या देखत दिवसभर चाललेला अबोला हा छळ आहे, हे मात्र अजून शिक्षकांच्या कुठल्या प्रशिक्षणात ठसवलेलं मी ऐकलं नाही.

ज्या महाडात आपण हे बोलतो आहोत तिथं शाळेतली जागा हा जुना प्रश्न आहे. पहिल्या महायुद्धाच्या आसपासची गोष्ट. दासगावचा रामचंद्र बाबाजी मोरे शिष्यवृत्तीच्या परीक्षेत उतरला आणि महाडच्या इंग्रजी शाळेत नाव घालायला आला. तो अस्पृश्य म्हणून प्रवेश नाकारला गेला. पोरगा अकरा-बारा वर्षांचा, पण गप्प बसला नाही. त्यानं वर्तमानपत्राला पत्र धाडलं. प्रवेश मिळाला, पण बसायला जागा वेगळी, बाकीच्या मुलांपासून तोडलेली. हजेरीपटावर नाव आणि वर्गाबाहेर बूड! हाच मुलगा मोठा झाल्यावर महाडला परिषद भरवण्यासाठी बाबासाहेबांच्या मागं लागला, आणि २० मार्च १९२७ला चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत आलं. त्या दिवशी आणि पुढं काय झालं हे महाराष्ट्राला पाठ आहे. लोक परतून जेवायला बसलेले असताना झालेला हल्ला, मुसलमान घरांनी दिलेला आसरा, गोमूत्र-शेणानं तळ्याचं 'शुद्धीकरण', डिसेंबरात मनुस्मृतीचं दहन, आणि तळं सर्वांचं असल्याचा १९३७ सालचा उच्च न्यायालयाचा निकाल. एक गोष्ट मात्र आपण पाठ केली नाही. मुंबई कायदेमंडळाच्या ज्या बोले ठरावाच्या आधारानं ती माणसं तळ्यावर गेली, त्या १९२३च्या ठरावात पाणवठ्यांच्या जोडीला सरकारी शाळाही होत्या. पाणी लक्षात राहिलं, शाळेतली जागा विसरली गेली.

त्या लढ्यातून बाबासाहेबांना एक गोष्ट पक्की उमगली होती. अस्पृश्यांविरुद्धचं सर्वांत धारदार हत्यार लाठी नव्हे, बहिष्कार आहे. ज्या सरकारी समितीवर ते सभासद होते त्या स्टार्ट समितीनंही उघड हिंसा बहिष्कारापुढं फिकी पडते, अशा अर्थाची नोंद करून ठेवली. गोलमेज परिषदेसाठी बाबासाहेब आणि रेट्टमलै श्रीनिवासन यांनी जे निवेदन दिलं त्यात सामाजिक बहिष्कार हा गुन्हा ठरवा ही मागणी होती, आणि व्याख्या कुठून घेतली होती? ब्रह्मदेशातल्या १९२२च्या बहिष्कारविरोधी कायद्यातून. पुढं मुंबई राज्यानं १९४९ साली जातीबाहेर टाकण्याविरुद्ध कायदा केला, तो १९६२ला सर्वोच्च न्यायालयात पडला. अखेर १३ एप्रिल २०१६ रोजी विधिमंडळानं सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा मंजूर केला, तो २०१७च्या जुलैपासून अमलात आला. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड. रायगडातल्या तक्रारींचा त्यामागचा रेटा मोठा होता. महाडहून निघालेला धागा नव्वद वर्षांनी असा रायगडातच परत आला.

फरक आहे आणि तो झाकू नये. तेव्हाचा बहिष्कार सवर्णांनी अस्पृश्यांवर घातलेला, जन्मानं लागलेला, पिढ्यान्‌पिढ्यांचा. आज गावकी ज्याला वाळीत टाकते तो बहुतेक वेळा जातभाई असतो, बऱ्याचदा भावकीतलाच. त्याचं दुःख आणि मोऱ्यांचं दुःख एका मापानं मोजणं हा मोऱ्यांवर अन्याय होईल. पण मुलाच्या बसण्याच्या जागेपुरतं बोलायचं तर हत्यार तेच आहे, आणि ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी ते दुसऱ्यावर चालवलं त्यांच्या नातवंडांवर आता ते उलटलं आहे. काहींना यात काव्यात्म न्याय दिसेल. मला नाही दिसत. चौथीतल्या पोरीनं कोणाचं काय केलं होतं?

बहिष्काराविरुद्धचा कायदा शाळेचं दार उघडं ठेवू शकतो, तसं त्यात म्हटलंही आहे. पण लगोरीत 'तू ये' म्हणायला कायदा कोणाला भाग पाडणार? शिवाय गुन्हा नोंदवला की गाव आणखी आवळतं. मग तडजोड होते. ठाण्यात चहा होतो, दोन्ही बाजू हात जोडतात, घराला 'गावात घेतलं' जातं, कधी आतून दंड भरूनच. मोठ्यांचं मिटलं. पोरीला मात्र कोणी काही सांगत नाही. एके दिवशी अचानक सगळे बोलायला लागतात, जसे अचानक थांबले होते. आपण काय केल्यामुळं थांबले हे तिला कळलं नव्हतं, काय केल्यामुळं सुरू झाले हेही कळत नाही. उद्या पुन्हा थांबले तर? अशा मुलाच्या बोलण्यात पुढं कायमचा एक लाघवीपणा येतो, सगळ्यांना खूश ठेवण्याचा. आपण त्याला गुणी मूल म्हणतो.

इथं गावकीच्या बाजूनंही बोललं पाहिजे, नाहीतर हा लेख शहरातल्या माणसानं लिहिल्यासारखा होईल. रस्ता नसलेल्या वाडीवरून बाळंतीण डोलीत घालून डांबरीपर्यंत आणतात ते गावकीचेच खांदे. दरडीच्या रात्री पहिली कुदळ मारली ती शेजारच्या वाडीनं, सरकार रस्ते मोकळे झाल्यावर पोचलं. बापे मुंबईला आणि घरात म्हातारी, सून नि पोरं, अशा वाड्या उभ्या राहिल्यात त्या याच आधारावर. म्हणून गावकी मोडा म्हणणाऱ्यांच्या रांगेत मी नाही. पण ज्या दोरानं डोली बांधतात त्याच दोरानं माणूसही बांधता येतो, आणि वाळीची भीती इतकी खोल असते ती त्या दोराशिवाय इथं जगणं खरोखर कठीण म्हणूनच. यातलीच एक गंमत पाहा. जूनमध्ये वाडीवरच्या मुलांना वह्या वाटतं ते मुंबईचं ग्रामस्थ मंडळ, आणि वाळीच्या ठरावाला मान डोलावणारंही बहुतेक वेळा तेच. हात एकच असेल तर वह्यांची यादी कुठल्या वहीवरून होत असेल हे सांगायला नको.

दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बॉम्ब पडत होते तेव्हा ॲना फ्रॉईड आणि डोरोथी बर्लिंगहॅम हॅम्पस्टेडला मुलांची पाळणाघरं चालवत होत्या. त्यांच्या नोंदींतली एक गोष्ट पुढं जगभर मानली गेली. मुलाला बॉम्बपेक्षा आईपासून तुटणं जास्त लागतं, आणि आई जवळ असेल नि शांत असेल तर मूल बऱ्याच गोष्टी निभावून नेतं. आता वाळीतल्या घरातली आई बघा. पाणवठा तिचा, दळण तिचं, हळदीकुंकू तिचं, बचतगट तिचा. नवरा निदान एस.टी. धरून महाडला जातो, चार माणसांत बसतो. बहिष्काराचा रोजचा मार तिच्यावर. पोर शाळेतून येते आणि आईचा चेहरा वाचते. म्हणून शिक्षकाला या मुलीसाठी एकच गोष्ट करणं जमणार असेल, तर त्यानं तिच्या घरी जावं. सगळ्यांच्या देखत, दिवसाउजेडी, फाटकातून. ओसरीवर बसून चहा घ्यावा. ताई, पोरगी वाचते छान, एवढं म्हणावं. गावातल्या कुठल्याही समुपदेशनापेक्षा या चहाची किंमत जास्त आहे, आणि तो पिणं हा गुन्हा नाही हे दाखवणारा वाडीवर कोणीतरी एक हवा. सरकारी नोकर म्हणून शिक्षकाला ते बाकीच्यांपेक्षा सोपं आहे. गावकी त्याला दंड करू शकत नाही.

वर्गात काय करायचं याला फार पुस्तकं लागत नाहीत. पंगतीची जागा रोज बदलायची आणि ती गुरुजींनी ठरवायची. गट पाडायचे ते चिठ्ठ्या टाकून. मैदानावर गुरुजींनी स्वतः उतरायचं आणि पहिला चेंडू तिच्याकडे टाकायचा. बाकीच्या दहा मुलांनाही यातून सुटका मिळते, हे विसरू नये. काल जिच्याबरोबर खेळलो तिच्याशी बोलायचं नाही, हे ओझं त्यांच्याही डोक्यावर आईबापांनी ठेवलेलं असतं. घरी विचारलं तर सांगता येतं, की गुरुजींनी बसवलं. मुलांना सबब हवी असते. ती शाळेनं द्यावी.

याच्या पुढचं पाऊल पोलंडच्या यानुश कोर्चाकनं टाकलं होतं. वॉर्सातल्या त्याच्या अनाथालयात मुलांचं स्वतःचं न्यायालय होतं. न्यायाधीश मुलं, तक्रार करणारी मुलं, आणि आरोपी कोणीही, शिक्षकसुद्धा. खुद्द कोर्चाकवर त्यात खटले चालले. त्या न्यायालयाच्या संहितेतली बहुतेक कलमं क्षमा करणारीच होती. ज्यू मुलांचं हे घर पुढं नाझींनी कोंडलेल्या वस्तीत हलवलं गेलं. तिथं १९४२च्या जुलैत त्यानं मुलांकडून रवींद्रनाथांचं 'डाकघर' बसवून घेतलं, आणि ऑगस्टच्या सुरुवातीला मुलांसोबत तोही ट्रेब्लिंकाच्या गाडीत चढला. त्या शेवटाशी आपल्या वाडीची तुलना करण्याचा वेडेपणा मी करणार नाही. मला घ्यायचं आहे ते न्यायालय. गावकीच्या बैठकीत मुलाविरुद्ध निकाल लागतो, मूल तिथं नसताना, त्याला एक शब्द न विचारता. ज्या मुलानं न्याय असा पाहिला, त्याला शाळेत एकदा तरी न्याय दुसऱ्या तऱ्हेनं पाहायला मिळाला पाहिजे. आपल्या शाळांत परिपाठ रोज होतो, बालसभाही असते, बहुधा कागदावर. आठवड्यातला एक परिपाठ मुलांच्या आपसातल्या तक्रारींना द्यावा आणि निवाडा मुलांनी करावा. मधल्या सुट्टीत सगळे एकदम पाणी प्यायला का गेले, हा प्रश्न तिथं कोणीतरी विचारेल. पहिल्या आठवड्यात नाही विचारणार, चौथ्या-पाचव्यात विचारेल.

आणि शाळाच राहिली नाही तर? २०१७ साली दहापेक्षा कमी पटाच्या तेराशेहून अधिक शाळा बंद करण्याचा निर्णय झाला होता. २०२३ला वीसपेक्षा कमी पटाच्या सुमारे पंधरा हजार शाळा एकत्र करून समूह शाळा काढण्याचे प्रस्ताव मागवले गेले. पोलादपूरच्या डोंगरउतारावर कित्येक वाड्यांचा पट वीसच्या आतच असतो. या योजनेच्या विरोधात अंतराची, पावसाची, ओढ्यांची कारणं दिली जातात, ती बरोबर आहेत. पण आपल्या मुद्द्यापुरतं पाहिलं तर दुसरी बाजूही आहे. दहा गावच्या मुलांच्या शाळेत या पोरीला दुसऱ्या गावची मैत्रीण मिळेल, जिच्या घरापर्यंत हुकूम पोचत नाही. एखाद्या मुलासाठी तेच औषध ठरेल हे मी मान्य करतो. तरीही माझा कौल वाडीवरच्या शाळेलाच आहे. मैत्रीण लांबच्या गावात मिळाली तरी संध्याकाळी ती आपल्याच वाडीत उतरणार, त्याच पोरांबरोबर, ज्यांनी गाडीत तिच्या शेजारची जागा रिकामी ठेवली. ज्यांनी पाठ फिरवली त्यांच्याच शेजारी बसून खिचडी खाल्ल्याशिवाय ही जखम भरत नाही, आणि तशी एकच जागा वाडीत आहे. पट अकराचा असला तर अकराचा.

सरकारला दोन कामं सांगावीशी वाटतात. बहिष्काराची तक्रार नोंदवताना त्या घरात शाळेत जाणारी मुलं किती, कुठल्या शाळेत, हे पोलिसांनी लिहून घ्यावं आणि त्याच आठवड्यात गटशिक्षणाधिकाऱ्यांना कळवावं. केंद्रप्रमुखानं त्या शाळेत जाऊन पंगत पाहावी. नुसता शेरेबुकात शेरा मारून परतू नये. दुसरं, अशा वाडीवर उभं राहणाऱ्या शिक्षकाच्या पाठीशी खातं आहे, हे त्याला लेखी कळावं. गावानं अर्ज केला म्हणून त्याची बदली झाली, तर तो निकाल गावकीचा आणि सही सरकारची.

बाकी जे आहे ते मुंबईतल्या मंडळांच्या हातात आहे. येत्या जूनमध्ये, शाळा सुरू व्हायच्या आठवड्यात, परळ-लालबागहून, नालासोपाऱ्याहून वह्यांचे गठ्ठे बांधून तुम्ही गाडीला लावाल. यंदा यादी गावच्या वहीवरून करू नका. गुरुजींकडून हजेरीपट मागून घ्या आणि त्यावर जेवढी नावं आहेत तेवढे संच बांधा.